पिंवळें फाटक : टेनेसींतील एका डोंगरी शर्यतीचा पाठ

शर्यत म्हटली म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें आंखलेलें मैदान, शिट्टी, टाळ्या वाजविणारी गर्दी आणि शेवटीं ताणलेली फीत हीं उभीं राहतात. आज ज्या शर्यतीचा आपणांस अभ्यास करावयाचा आहे तिच्यांत ह्यांपैकीं कांहींच नाहीं. तिचा मार्ग आंखलेला नाहीं. ती केव्हां सुरू होणार हें धांवणारांस अगोदर ठाऊक नसतें. पाहणारे असलेच तर मूठभर. आणि बक्षीस तर मुळींच नाहीं. असें असून ती पुरी करण्यासाठीं अनेक देशांतील उत्तम धांवणारे वर्षानुवर्षें धडपडतात व बहुधा हरून घरीं जातात. तिचें नांव बार्कली मॅराथॉन. अमेरिकेच्या टेनेसी संस्थानांत वॉर्टबर्ग म्हणून एक लहानसें गांव आहे. त्याच्याजवळ फ्रोझन हेड नांवाचें सरकारी राखीव रान आहे. तेथें हिंवाळा सरतां सरतां ही शर्यत होते.

प्रथम जागा नीट समजून घ्यावी. हे कंबरलंड पर्वतांतील डोंगर उंचीनें मोठे नाहींत. आपल्या कळसूबाईची उंची सुमारें ५४०० फूट आहे, आणि फ्रोझन हेडचें शिखर ३३२४ फूट. पण उंची निराळी व अवघडपणा निराळा, हें ज्यांनीं सह्याद्रीच्या घाटांतून डोक्यावर भारा घेऊन ये-जा केली आहे त्यांस सांगावयास नको. येथें एका सोंडेवरून उतरावें तों दुसरी उभी राहते. जमिनीवर कुजलेल्या पानांचा थर. त्याखालीं निसरडी माती. मधून मधून करवतीसारख्या कांट्यांच्या वेलींचीं जाळीं. धुकें आलें म्हणजे विजेरीचा उजेड हातभर अंतरावर अडतो. एकाच दिवसांत ऊन, पाऊस आणि बर्फ हीं तिन्ही तेथें अंगावर घ्यावीं लागतात.

ह्या डोंगरांच्या कुशींत ब्रशी मौंटन नांवाचा एक जुना तुरुंग आहे. १८९६ सालीं तो सुरू झाला व २००९ सालीं बंद झाला. पूर्वीं तेथील कैद्यांकडून दगडी कोळसा खणवून घेत. तुरुंगाच्या भिंतीपेक्षां भोंवतालचे डोंगरच कैद्यांस अधिक आवरून धरीत, असें म्हणण्याची तिकडे चाल होती. ह्या तुरुंगाचा आपल्या शर्यतीशीं संबंध आहे तो असा. ४ एप्रिल १९६८ रोजीं मेंफिस शहरांत डॉ. मार्टिन लूथर किंग ह्यांचा गोळी घालून खून झाला. किंग हे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं ते शस्त्रावांचून झगडले, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. त्यांच्या खुनाबद्दल ज्यास शिक्षा झाली तो जेम्स अर्ल रे ह्याच तुरुंगांत होता. १० जून १९७७ रोजीं तो सहा सोबत्यांसह भिंतीस शिडी लावून पळाला. सारें रान शोधलें गेलें. सुमारें चोपन्न तासांनीं कुत्र्यांनीं त्यास पाचोळ्याखालीं दडलेला हुडकून काढलें. एवढ्या वेळांत तो किती दूर गेला होता? सरळ मोजल्यास आठेक मैल!

ही बातमी गॅरी कँट्रेल नांवाच्या टेनेसींतील एका धांवणाऱ्या गृहस्थांनीं ऐकली. तेवढ्या वेळांत आपण निदान शंभर मैल गेलों असतों, अशा अर्थाचें ते थट्टेनें बोलले. पण मग तीच गोष्ट मनांत घोळूं लागली, आणि १९८६ सालीं त्यांनीं कार्ल हेन ह्या मित्राच्या साहाय्यानें ह्याच डोंगरांत एक शर्यत मांडली. आपल्या एका शेजारी मित्राचें बार्कली हें नांव तिला दिलें. मि. कँट्रेल स्वतःस ‘लॅझरस लेक’ म्हणवितात. आपल्या शुभवर्तमानांतील लाजराचेंच हें नांव. जो माणूस दुसऱ्यांस अर्धमेलें करून सोडतो त्यानें मेलेल्यांतून उठलेल्याचें नांव घ्यावें, ह्याची आम्हांस मौज वाटते.

शर्यतीची रचना वरवर पाहतां सोपी आहे. एका पिंवळ्या फाटकापासून निघावयाचें, रानांतून एक फेरी करावयाची आणि पुन्हां त्याच फाटकास हात लावावयाचा. अशा पांच फेऱ्या. प्रत्येक फेरी नांवाला वीस मैलांची. ज्यांनीं ती केली ते म्हणतात कीं ती सव्वीसच्या आसपास भरते. सर्व मिळून साठ तासांची मुदत, म्हणजे फेरीस बारा तास. फाटकापाशीं बसून भाकरीचा तुकडा खाल्ला, मोजे बदलले, क्षणभर डोळा लागला, तरी तो वेळही ह्या साठ तासांतच मोजला जातो. पांचही फेऱ्यांतील चढण एकत्र केली तर ती साठ हजार फुटांच्या आसपास जाते. समुद्राच्या काठापासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत अकरा वेळां चढावें व अकरा वेळां उतरावें, आणि तेंही तीन रात्रींच्या आंत, असें समजा.

प्रवेशाची पद्धत तर आणखी चमत्कारिक. जाहिरात कोठेंही छापीत नाहींत. अर्ज कोणाकडे व केव्हां करावा हें ज्यानें त्यानें शोधून काढावें. ‘मला ही शर्यत कां धांवूं द्यावी’ ह्या विषयावर निबंध लिहून पाठवावा लागतो. फी १ डॉलर ६० सेंट. ज्याची निवड होते त्यास अभिनंदनाचें नव्हे, तर दुखवट्याचें पत्र येतें. नव्यानें येणारानें आपल्या प्रांतांतील मोटारगाडीची नंबराची पाटी आणावी, हा दंडक आहे. त्या पाट्या तळावर दोरीला टांगून ठेवितात. मागें येऊन गेलेल्यानें मि. कँट्रेल ह्यांस त्या वर्षीं लागेल ती वस्तु, मोजे म्हणा, सदरा म्हणा, आणावी. एकंदर चाळीसांच्या सुमारास माणसें घेतात. अधिक घेतल्यास रानाची नासाडी होईल. त्यांतील एक मुद्दाम असा निवडतात कीं ज्याची एक फेरीही होण्याची आशा नाहीं, आणि त्यास ते ‘नरबळी’ म्हणतात. हें नांव आम्हांस रुचत नाहीं. परंतु तो नरबळी हंसत हंसत येतो व दुसऱ्या दिवशीं हंसत घरीं जातो, हेंही सांगितलें पाहिजे.

निघण्याची वेळ ठरलेली नसते. धांवणारे तंबूंत अर्धवट जागे पडलेले असतात. मध्यरात्र असो, पहाट असो, कीं उन्हें वर आलेलीं असोत, मि. कँट्रेल ह्यांच्या मनास येईल तेव्हां ते शंख फुंकतात. शंख वाजल्यापासून एक तासानें फाटकापाशीं हजर व्हावें. तेथें बंदुकीचा बार होत नाहीं. ते एक सिगारेट पेटवितात, आणि ती पेटली कीं शर्यत सुरू झाली. (तंबाखूच्या व्यसनाविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहे. येथें आम्ही घडतें तें सांगत आहों, शिकवीत नाहीं.)

आतां खरा भाग. मार्गावर खुणा नाहींत. पाणी मिळण्याची सोय एक-दोन ठिकाणीं. तळावरील सोबत्यांचें साह्य फाटकापाशींच, रानांत नाहीं. दिशा दाखविणारीं आधुनिक यंत्रें व टेलिफोन जवळ बाळगण्याची मनाई. एक मूळ नकाशा मांडून ठेवितात, त्यावरून प्रत्येकानें आपल्या नकाशावर मार्ग स्वहस्तें उतरून घ्यावा. मग नकाशा, होकायंत्र आणि आपली अक्कल.

तर मग अमका मनुष्य खरोखर सारी फेरी फिरून आला, आड वाटेनें नाहीं, हें कसें समजावें? रानांत पंच उभे करावे तर त्यांनाच सांभाळावयास माणसें हवींत. ह्यावर काढलेली युक्ति आम्हांस ह्या सर्व हकीकतींतील सर्वांत शहाणपणाची वाटते. मार्गावर नऊपासून चौदापर्यंत जुनीं पुस्तकें दगडाखालीं, झाडाच्या ढोलींत, पडक्या भिंतीआड ठेवून देतात. धांवणाराच्या छातीवर जो क्रमांक असेल त्या क्रमांकाचें पान त्यानें प्रत्येक पुस्तकांतून फाडून आणावें. परत आल्यावर मि. कँट्रेल पानें मोजून घेतात. एक पान कमी तर फेरी बाद. दुसऱ्या फेरीस नवा क्रमांक मिळतो, म्हणून कालचीं पानें आज चालत नाहींत, आणि मित्रानें मित्रासाठीं पान आणिलें असेंही होत नाहीं. पुस्तकांचीं नांवेंही निवडून ठेविलेलीं असतात. बहुधा मरण, अपयश अथवा मूर्खपणा ह्यांविषयींचीं. खिसाभर फाटक्या कागदांपलीकडे दुसरा साक्षीदार नाहीं.

मार्गांतील एक-दोन जागा सांगून पुढें जातों. ‘रॅट जॉ’, म्हणजे उंदराचा जबडा, नांवाची एक चढण विजेच्या तारांखालून सरळ वर जाते; वर लिहिलेल्या करवती कांट्यांनीं ती भरलेली असते, आणि तेथून येणारांच्या पायांवर रक्ताच्या रेघा उमटलेल्या असतात. दुसरी जागा म्हणजे त्या जुन्या तुरुंगाखालचें भुयारी गटार. ज्या भिंतींतून बाहेर पडण्यासाठीं एकानें शिडी जोडली, तिच्याखालून लोक आतां आपण होऊन पाणी तुडवीत जातात.

ज्या गांवीं शाळा आहे तेथील गुरुजींनीं येथें थोडें थांबून मुलांस नकाशाचा पाठ द्यावा, अशी आमची सूचना आहे. डोंगराचा नकाशा म्हणजे वेड्यावांकड्या रेषांचें जाळें असें प्रथम वाटतें. एका मोठ्या परातींत ओल्या मातीचा डोंगर करावा. त्यास दोन-तीन सोंडा व मध्यें घळी ठेवाव्या. परातींत बोटभर पाणी ओतावें व पाण्याची कड जेथें लागेल तेथें काडीनें रेघ ओढावी. पुन्हां बोटभर ओतावें, पुन्हां रेघ. डोंगर बुडेपर्यंत असें करून मग पाणी काढून टाकावें, आणि सरळ वरून खालीं पाहावें. ज्या रेघा दिसतील त्याच नकाशावरील समान उंचीच्या रेषा. रेघा जेथें दाटीनें आल्या तेथें कडा. जेथें विरळ तेथें सपाटी. रेघेचें टोंक डोंगराच्या आंत शिरलें असेल तर ती घळ, बाहेर आलें असेल तर सोंड. आतां एक गोष्ट मुलांस आवर्जून दाखवावी. माथ्याजवळ दोन सोंडांचीं तोंडें अगदीं लगत असतात. तेथें चार बोटांची चूक झाली तर पायथ्याशीं मनुष्य निराळ्याच खोऱ्यांत उतरतो. चढतांना चुकलेला माणूस बहुधा माथ्यावरच येतो, कारण सगळ्या वाटा वर एक होतात. उतरतांना चुकलेला दूर दूर जातो. पुढें जें सांगावयाचें आहे तें ह्याच गोष्टीवरून घडलें.

आरंभीं कित्येक वर्षें पांच फेऱ्या कोणाच्यानें झाल्या नाहींत. १९९५ सालीं मार्क विल्यम्स ह्या इंग्रज गृहस्थांनीं प्रथम त्या साठ तासांच्या आंत पुऱ्या केल्या. २०१२ सालीं ब्रेट मॉन ह्यांनीं ५२ तास ३ मिनिटांत पुऱ्या केल्या. २०२४ पर्यंत कोणी त्याहून लवकर आला नाहीं. तीन फेऱ्या चाळीस तासांत करणारास ‘गंमतीची धांव’ केल्याचें श्रेय मिळतें. ही गंमत साठ मैलांहून अधिक असते!

२०१७ सालीं कॅनडांतील गॅरी रॉबिन्स आणि टेनेसींतील जॉन केली हे दोघे पांचव्या फेरीस निघाले. शेवटच्या फेरीस पहिल्या निघणारानें दिशा निवडावी व दुसऱ्यानें उलट जावें असा नियम आहे. एकानें दुसऱ्याच्या पाठीवर विसंबूं नये हा त्याचा हेतु. केली हे त्याच डोंगरांच्या जवळपास लहानाचे मोठे झालेले. थंडीनें ते इतके गारठले कीं वाटेंत सांपडलेली एक टाकाऊ टोपी त्यांनीं डोक्यावर चढविली व प्लॅस्टिकची पिशवी अंगांत घातली, आणि त्या थाटांत २९ मिनिटें शिल्लक ठेवून ते फाटकाशीं आले. मग सर्वजण रॉबिन्स ह्यांची वाट पाहूं लागले. मुदत संपत आली. इतक्यांत रॉबिन्स आले, पण ज्या बाजूनें यावयास पाहिजे त्या बाजूनें नव्हे. विरुद्ध दिशेच्या सडकेनें! फाटकास हात लावून ते जमिनीवर कोसळले. सर्व पानें त्यांच्यापाशीं होतीं. घड्याळांत साठ तासांवर सहा सेकंद झाले होते.

झालें होतें असें कीं, शेवटचें पान घेतल्यावर दाट धुक्यांत माथ्यावर त्यांची दिशा चुकली व ते दुसऱ्या बाजूस उतरले. तळाशीं आल्यावर चूक उमगली. पण पुन्हां चढून जाण्यास वेळ नव्हता. त्यांनीं पुराच्या पाण्याची नदी ओलांडली व सडकेनें धांवत तळ गांठला. वर्तमानपत्रांनीं ‘सहा सेकंदांनीं हुकलें’ म्हणून मोठीं अक्षरें छापलीं, आणि जगभर लोकांनीं हळहळ केली. मि. कँट्रेल ह्यांनीं मात्र मागाहून स्पष्ट केलें कीं, प्रश्न सहा सेकंदांचा नव्हताच. रॉबिन्स सहा मिनिटें आधीं आले असते तरी त्यांची गणना झाली नसती, कारण मार्गाचे शेवटचे सुमारें दोन मैल त्यांनीं केलेच नव्हते.

हा निकाल कठोर आहे कीं काय, ह्याविषयीं आमच्यांत मतभेद झाला, तो लपविण्याचें कारण नाहीं. एकाचें म्हणणें असें कीं, पानें पुरीं असतां शेवटच्या उतारावर नेम चुकला म्हणून साठ तासांचे श्रम व्यर्थ ठरवूं नयेत. नदीमुळें त्यांस सोपेंही गेलें नव्हतें. आमचें स्वतःचें मत निकालाच्या बाजूचें आहे. पानें हीं मार्गाची साक्ष होत, मार्ग नव्हत. शेतमालाच्या वजनास मापें लागतात म्हणून मापेंच शेतमाल होत नाहींत. वाचकांनीं आपापल्या मंडळींत ह्याचा विचार करावा. एक गोष्ट सांगावयाची राहिली : रॉबिन्स ह्यांनीं निकालाविरुद्ध तक्रार केली नाहीं. चूक आपली, असें ते म्हणाले.

निजेवांचून दोन-तीन रात्री काढल्या म्हणजे मनाचें काय होतें ह्याचेंही ह्या रानांत प्रत्यक्ष उदाहरण आहे. बेल्जम देशांतील दंतवैद्य कारेल साबे हे २०२२ सालीं चौथ्या फेरींत भरकटले व मार्ग सोडून एका वस्तींत गेले. तेथें एका कचऱ्याच्या पिंपास माणूस समजून ते त्याच्याशीं बोलूं लागले. लोकांनीं पोलिसांस बोलाविलें. पोलिसांनीं त्यांस गाडींत घालून तळावर पोंचविलें. पुढच्याच वर्षीं, २०२३ सालीं, हेच साबे परत आले आणि साडेसहा मिनिटांच्या सुमारास वेळ उरला असतां त्यांनीं पांचवी फेरी पुरी केली. त्यापूर्वीं २०१८ पासून २०२२ पर्यंत एकाही मनुष्यानें ती केली नव्हती.

आतां स्त्रियांविषयीं. मि. कँट्रेल पुष्कळ वर्षें उघडपणें म्हणत कीं ही शर्यत स्त्रियांच्या आवांक्याबाहेरची आहे. मात्र कोणी खोटें ठरवीपर्यंतच आपणांस असें म्हणतां येईल, हीही पुस्ती ते जोडीत. त्यांच्या बोलण्यांत डिवचण्याचा हेतु किती व खरें मत किती हें त्यांचें त्यांस ठाऊक. पण १९८६ पासून २०२३ पर्यंत एकाही स्त्रीच्या पांच फेऱ्या झाल्या नव्हत्या हें खरें, आणि म्हणून पुष्कळांनीं तें बोलणें सिद्धांतच धरिला होता.

जॅस्मिन पॅरिस ह्या इंग्लंडांत वाढलेल्या व एडिंबरो येथें काम करणाऱ्या पशुवैद्य बाई. दोन मुलांची आई. २०१९ सालीं इंग्लंडांतील पेनाइन डोंगरांतून जाणारी २६८ मैलांची एक शर्यत त्यांनीं ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. त्यांत स्त्रियाच नव्हे तर सर्व पुरुषही त्यांच्या मागें पडले. त्या वेळीं त्यांची मुलगी अंगावर पीत होती, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणीं थांबून त्यांस दूध काढावें लागे. अशी ही बाई २०२२ सालीं बार्कलीस आली आणि तीन फेऱ्या करून गेली. २०२३ सालीं पुन्हां आली व चौथीस निघाली. २०२४ सालीं तिसऱ्यानें आली.

त्या वर्षीं शर्यत २० मार्च रोजीं पहाटे सुरू झाली. हवा बरी होती व धांवणारे कसलेले होते; चौघे पुरुष एकामागून एक पांच फेऱ्या करून आले. एका वर्षीं इतके कधींच आले नव्हते. पॅरिसबाई अजून रानांत होत्या. २२ मार्च रोजीं साठ तासांपैकीं शेवटचीं मिनिटें चाललीं होतीं. फाटकाकडे येणारी सडक चढाची आहे, आणि तळावरील सर्व लोक तिच्या दोन्ही बाजूंस उभे राहून वळणाकडे पाहत होते. मग आरोळी उठली. वळणावरून बाई धांवत येत होत्या. पायांवर कांट्यांच्या रेघा, तोंड उघडें, चेहरा ओळखूं न येण्याजोगा. त्यांनीं फाटकास हात लावला आणि तेथेंच खालीं बसून त्या श्वासासाठीं धडपडूं लागल्या. घड्याळ ५९ तास ५८ मिनिटें २१ सेकंद दाखवीत होतें. नव्याण्णव सेकंद शिल्लक होते. प्रथम त्यांच्याच्यानें बोलवेना. पुढें पानें मोजून झालीं. तीं पुरीं होतीं, आणि मि. कँट्रेल ह्यांचें पुष्कळ वर्षांचें म्हणणें त्यांच्याच हातांत खोटें ठरलें होतें.

त्या दिवसापर्यंत सर्व मिळून वीस माणसांनीं ही शर्यत पुरी केली होती. त्यांस मिळालें काय, असें कोणी विचारील. मि. कँट्रेल ह्यांचें उत्तर असें कीं, त्यांस आतां थांबतां येतें. एक खुर्ची देतात, तींत बसावें. बाकीच्यांसाठीं, म्हणजे जे अर्ध्यावरून परत येतात त्या प्रत्येकासाठीं, फाटकापाशीं बिगुलावर एक सूर वाजवितात. अमेरिकेंत शिपायास मूठमाती देतांना जो वाजवितात तोच. २०२५ सालीं पुन्हां धांवणारे जमले, पुन्हां शंख वाजला. पांच फेऱ्या त्यांतील एकाच्यानेंही झाल्या नाहींत. बिगूल त्या साऱ्यांसाठीं वाजला.